आमची कुठेही शाखा नाही

वकिलांनी फोटोवर पेन टेकवलं:
हे शेपूट कुणाचं?

फोर्टातला तिसरा मजला, एसी असा की
बोटांतलं टर्पेंटाइनसुद्धा थिजावं.
टेबलावर दोन बरण्या,
दोन्हींवर लाल अक्षरांत मेथकूट,
आणि दीर्घ उकाराखाली
लोंबणारी एकच डहाळी.
थोरले बिवलकर खिडकीकडे बघत,
धाकटे घड्याळाकडे.
एका ताटात जेवलेली माणसं.

मी म्हटलं, साहेब, माझं.

मग एकोणनव्वद सालात गेलो,
म्हणजे शिडीवर चढलो.
ठाकूरद्वार, सकाळचे अकरा,
पिवळी जमीन अजून जरा ओली.
मे झाला, थ झाला, क झाला.
मी चौथी पास. अक्षर वळणदार,
शुद्धलेखन परमेश्वराच्या हाती.
वरूनच ओरडलो,
काका, उकार पहिला की दुसरा?
काका म्हणजे या दोघांचे वडील.
तेवढ्यात गल्ल्यावरचा फोन वाजला.
ब्रश क-च्या पायाशी टेकवून मी थांबलो.
काकांनी मान बाहेर काढली,
"दुसरा रे भुवड! आणि ऐक,
केईएममधून फोन आहे, मुलगी झाली तुला."

हात निसटला.
उकार उतरत उतरत पाटीच्या काठापर्यंत गेला.
रॉकेलचं फडकं लावलं तर खालची जमीनच उठायला लागली.
आता काय करणार?
शेपटीला तीन पानं काढली, म्हटलं मेथी आहे.
काकांनी चष्मा कपाळावर सारून पाहिलं,
म्हणाले, शोभतंय.
पंचेचाळीस रुपये, वर पाच पेढ्यांसाठी.
आणि तळाला बारीक अक्षरात लिहून घेतलं:
आमची कुठेही शाखा नाही.

दुसऱ्या बाजूच्या वकीलबाई उठल्या.
हे वळण कुठून उचललंत?
एखादं पुस्तक? दुसऱ्या कुणाची पाटी?
मी म्हटलं, फोनवरून.
टायपिस्टची बोटं थांबली,
तिने कमिशनरसाहेबांकडे पाहिलं,
साहेबांनी बरणीकडे.

या शेपटीला आता किंमत आहे, असं कळलं.
न वाचताही गिऱ्हाईक हात पुढे करतं ना, त्याची.
कागदावर आकडा होता.
मी शून्यं मोजली, जशी रिकामी डबडी मोजतो,
आणि मध्येच चुकलो.
मेथकूट कसं लागतं ते कुणीच विचारलं नाही.
बरण्यांना सील होतं.

निकालाला चौदा महिने लागले.
शेपूट थोरल्यांचं.
धाकट्यांनी चार आठवड्यांत उतरवायचं,
आणि यापुढे ते वळण, किंवा
पाहणारा फसेल इतकं त्याच्यासारखं काहीही
त्यांनी किंवा त्यांच्या वतीने कुणीही काढायचं नाही.
त्यांच्या वतीने कोण काढणार?
धाकट्यांनी मलाच फोन केला.
म्हणाले, भुवडकाका, तुम्हीच काढलंत,
तुम्हीच पुसा. दुसऱ्याचा हात नको वाटतो.

पार्ल्याला गेलो. गुडघे नाही म्हणत होते,
म्हणून सुरंगी शिडी धरायला आली.
तीच ती, पेढ्यांची.
तीन पानं पिवळ्याखाली गेली, मग देठ,
मग बेतानं शेपूट.
ब्रश जरा वर गेला असेल.
खाली उतरून पाहिलं तर
दीर्घ गेला होता,
लोक आता कुट वाचतील.
तिथेच कडेला धाकट्यांनी नवी ओळ सांगितली,
ती मी लिहिली, तीच, बारीक अक्षरात.

रंगवाल्याचा पोऱ्या पावती घेऊन आला.
एक हात शिडीवर ठेवूनच
सुरंगीनं सही केली.
सु-चा उकार निघाला तो
चौकट ओलांडून, एकूण रकमेच्या आकड्यावरून
कागदाच्या काठापर्यंत.
तिला हे मी शिकवलेलं नाही.
पोऱ्या म्हणाला, मॅडम, चौकटीत करा ना.

मी आत पाहिलं. धाकटे
नोटा मोजत होते.
पावती घडी करून मी खिशात घातली.